संगणकघराचा कारभारी

गणेशचतुर्थीला दोन महिने उरले की मुंबईतील चाकरमान्यांच्या घरोघरी एक निराळीच लगबग सुरू होते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खुले होते आणि कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांतील जागा पाहता पाहता भरून जातात. कोणी स्टेशनावरील खिडकीपाशी पहाटेपासून उभा असतो, तर कोणी घरीच मोबाइल हाती धरून घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आठाचा ठोका पडला की हजारो माणसे एकाच क्षणी एकच गोष्ट मागतात. ज्याला जागा मिळते तो आनंदाने गावी कळवतो. ज्याला मिळत नाही तो रेल्वेला बोल लावतो. परंतु या साऱ्या गर्दीला तोंड देणारे जे संगणक कोठेतरी दूर एका थंड दालनात अहोरात्र चालू असतात, ते कोण सांभाळते, हा विचार सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही.

पूर्वी हे काम वह्यांवर चाले. प्रत्येक गाडीची जाड वही निराळी, तिची खिडकी निराळी आणि खिडकीपुढची रांगही निराळी. तासभर उभे राहून पाळी यावी आणि ‘जागा संपली’ असे उत्तर मिळावे, की बिचाऱ्या प्रवाशाने दुसऱ्या गाडीच्या रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभे राहावे! १९८५ च्या सुमारास नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण करण्याचा प्रयोग सुरू झाला. १९८६ साली रेल्वेने अशा कामांसाठी ‘क्रिस’ ही संस्था स्थापन केली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच ठिकाणच्या यंत्रणा १९९९ साली एकमेकींशी जोडल्या गेल्या, आणि २००२ पासून घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढता येऊ लागले. यातील मौज अशी, की वहीच्या काळी एका जागेवर दोघांची नावे पडण्याचे भय फारसे नव्हते, कारण वही एक आणि लिहिणारा हातही एकच. आता शेवटची एक जागा दादरचा प्रवासी आणि नागपूरचा प्रवासी एकाच निमिषात मागू शकतात. यंत्राने त्यांपैकी एकाची मागणी क्षणभर आधी धरली पाहिजे, ती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थोपवले पाहिजे, आणि मध्येच वीज गेली तरी पैसे एकाचे व जागा दुसऱ्याची असा घोटाळा होता कामा नये.

अशी यंत्रणा रचणे हे एक काम आणि ती रोज चालती ठेवणे हे दुसरे. धुळे-नाशिकाकडे पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटून घेण्याची फडपद्धत शेकडो वर्षे चालत आली आहे. बंधारा ज्यांनी घातला त्यांचे नाव कोणी तरी सांगते. परंतु पाण्याची पाळी सांभाळणारा, पाटातला गाळ काढवून घेणारा, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले की नाही हे पाहणारा पाटकरी नसेल, तर भरल्या बंधाऱ्याखालचे शेतही वाळून जाईल. संगणकाच्या जगातील पाटकरी म्हणजे संगणक सेवांचा व्यवस्थापक. कार्यालयात त्याला ‘आयटी मॅनेजर’ म्हणतात. परंतु त्याच्या कामाचा पसारा पाहिला म्हणजे ‘कारभारी’ हा आपल्या भाषेतील जुना शब्दच त्याला अधिक शोभतो. या पदावर पुरुष असतात, तशा स्त्रियाही असतात.

बँका, इस्पितळे, विद्यापीठे, कारखाने, वृत्तपत्रे, नगरपालिका, सर्वत्र हा कारभारी हवा असतो. त्याची पहिली काळजी अगदी साधी असते: वीज आणि थंडावा. संगणक तापतो आणि तापला की चुकतो किंवा बंद पडतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतात रचलेला संगणक कामाला लागला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आज खिशातल्या मोबाइलची गणनशक्ती त्या यंत्राहून कितीतरी पटींनी अधिक आहे. परंतु एका दालनात शेकडो संगणक मांडले की उष्णतेचा प्रश्न आजही तसाच उभा राहतो. म्हणून तेथे वातानुकूलन यंत्रे असतात. वीज गेली तर पहिली काही मिनिटे भार उचलणारे बॅटरीचे संच असतात, आणि तेवढ्या अवधीत सुरू होणारा जनरेटरही असतो. जनरेटर आहे एवढ्यावर चांगला कारभारी समाधान मानीत नाही. तो ठरलेल्या दिवशी जनरेटर चालवून पाहतो आणि टाकीत डिझेल किती आहे हेही स्वतः पाहतो.

या धंद्यात एक गणित नेहमी मांडले जाते. ‘आमची सेवा शेकडा ९९ वेळ चालू असते,’ असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला ते फार चांगले वाटते. परीक्षेत ९९ गुण मिळाले तर घरात पेढेच वाटले जातील! परंतु वर्षाच्या ३६५ दिवसांचा शंभरावा भाग म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ. एखाद्या इस्पितळातील रक्ततपासणीचे अहवाल वर्षातून साडेतीन दिवस मिळालेच नाहीत, तर त्याला चांगले कोण म्हणेल? शेकडा ९९.९ म्हटले, तरी वर्षातून पावणेनऊ तास सेवा बंद राहील. आणखी एक नऊ वाढवून ९९.९९ केले, तर ही बंदी साडेबावन्न मिनिटांवर येते. प्रत्येक वाढीव नवासाठी अधिक यंत्रे, अधिक माणसे आणि अधिक पैसा लागतो. कोठे किती नऊ हवेत, हे ठरवणे हाच कारभाऱ्याचा खरा हिशेब. ग्रंथालयाची यादी तासभर दिसली नाही तर वाचक कुरकुरतील, एवढेच. अतिदक्षता विभागात मात्र मिनिटाचीही किंमत असते.

या हिशेबाची कसोटी रोज लागते. समजा, एका इस्पितळात सकाळी एकाच वेळी तीन ठिकाणांहून दूरध्वनी आला. मोठ्या साहेबांचा प्रिंटर चालत नाही, लेखाविभागात पगाराची यादी उघडत नाही आणि प्रयोगशाळेचे अहवाल वॉर्डात दिसेनासे झाले आहेत. हाताशी माणसे दोनच. साहेब अधिकाराने मोठे, पगार सर्वांच्या जिव्हाळ्याचा. तरीही पहिला माणूस प्रयोगशाळेकडेच धाडावा लागतो. “साहेब, आपल्या प्रिंटरचे दुपारी पाहतो, आधी अहवाल सुरू करून देतो,” असे नम्रपणे परंतु ठामपणे म्हणण्याचे धैर्य अंगी नसेल, तर यंत्रांचे ज्ञान कितीही असो, तो माणूस या कामाला पुरा पडत नाही.

बिघाड शोधण्याची त्याची रीत वैद्याच्या रीतीसारखी असते. “यंत्र बिघडलंय हो!” एवढेच पलीकडून सांगितले जाते. अननुभवी माणूस लगेच यंत्र उघडू लागतो. अनुभवी माणूस विचारतो, “बाई, काल संध्याकाळपर्यंत चालत होते ना? मग त्यानंतर काय बदलले?” टेबल हलवले, तेव्हा वायर निसटली; पासवर्ड बदलला, पण एका ठिकाणी जुनाच राहिला; नवे सॉफ्टवेअर चढवले. दहांतील बहुतेक बिघाडांचे मूळ अशाच एखाद्या बदलात सापडते. यासाठी संगणकघरात प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात: कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला आणि नको असल्यास पूर्ववत कसा करावा. नोंदवहीची ही शिस्त संगणकाइतकीच जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड येथील ‘मार्क टू’ हे अवाढव्य गणनयंत्र चुकू लागले. शोधता शोधता त्याच्या एका विद्युत-कळीत अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि शेजारी वेळ व जागा लिहून ठेवली. संगणकशास्त्रातील थोर विदुषी ग्रेस हॉपर त्या चमूत काम करीत असत आणि पुढे ही हकीकत त्या मोठ्या रंगात येऊन सांगत. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहे. बिचारा पतंग मात्र उगाच अजरामर झाला!

यंत्र मोडले तर नवे आणता येते. परंतु त्यातील माहिती नाहीशी झाली, तर ती बाजारात मिळत नाही. म्हणून माहितीच्या प्रती ठेवाव्या लागतात. त्यांना ‘बॅकअप’ म्हणतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी, असा या क्षेत्रातील जुना दंडक आहे. घराला आग लागली, तर घरातल्याच दुसऱ्या कपाटातील प्रत काय कामाची?

तथापि, प्रत आहे असे वाटणे आणि प्रत असणे यांत अंतर आहे. जगभरातील संगणकतज्ज्ञांचे लिखाण जपून ठेवणारी परदेशातील एक सेवा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एक तंत्रज्ञ रात्री उशिरापर्यंत एका बिघाडाशी झुंजत होता. त्याला राखीव संगणकावरील माहिती पुसून नव्याने भरावयाची होती. थकव्याच्या भरात त्याने पुसण्याची आज्ञा दिली ती मुख्य संगणकाला! एकदोन सेकंदांत त्याच्या ध्यानी आले आणि त्याने आज्ञा थांबवली. पण तेवढ्यात सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली होती. मग प्रतींचा शोध सुरू झाला. माहिती जपण्याचे पाच निरनिराळे उपाय तेथे योजलेले होते, परंतु त्या रात्री त्यांपैकी एकावरही विसंबता येईना. रोज आपोआप होणारी प्रत कित्येक दिवस तयारच होत नव्हती. ती होत नसल्याची सूचना देणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. अखेर उपयोगी पडली ती सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत. ती त्याच तंत्रज्ञाने दुसऱ्याच एका कामासाठी सहज काढून ठेवली होती. तिच्यावरून सेवा उभी करण्यात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली, आणि मधल्या सहा तासांची काही माहिती कायमची गेली.

या प्रसंगात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. त्या संस्थेने चूक झाकली नाही. दुरुस्तीचे काम चालू असतानाच ते जगाला उघडपणे पाहू दिले आणि नंतर कारणांचा सविस्तर अहवाल छापला. शिवाय त्या एका तंत्रज्ञाच्या माथी दोष मारून ती मोकळी झाली नाही. रात्री थकलेला माणूस चुकणारच. तो चुकला तरी निभावून जाईल अशी व्यवस्था का नव्हती, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला. चांगल्या कारभाऱ्याची ओळख येथेच पटते. तो नुसत्या प्रती काढून ठेवीत नाही. अधूनमधून एखादी प्रत रिकाम्या संगणकावर उतरवून ती खरोखर वाचता येते की नाही हे पाहतो. लोणच्याची बरणी फडताळात ठेवली म्हणजे झाले असे चतुर गृहिणी मानीत नाही. बुरशी आली नाही ना, हे ती झाकण काढून पाहते. त्यातलाच हा प्रकार.

सॉफ्टवेअरमध्ये वेळोवेळी सुधारणा येतात. त्यांना ‘अपडेट’ म्हणतात. त्या घेतल्या नाहीत तर चोरांना वाट मोकळी राहते, आणि आंधळेपणाने घेतल्या तर कधी कधी सुधारणाच संकट होऊन येते. १९ जुलै २०२४ रोजी संगणकांचे रक्षण करणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट जगभर गेला आणि सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सदोष अपडेट दीड तासाच्या आतच मागे घेतला गेला होता. पण जे संगणक बंद पडले होते, ते दुरून दुरुस्त होईनात. एकेका संगणकापाशी जाऊन तो विशिष्ट रीतीने सुरू करावा, बिघडलेली फाइल काढावी आणि पुढच्याकडे वळावे, असे काम हजारो तंत्रज्ञ रात्रंदिवस करीत राहिले. म्हणून शक्य तेथे नवा अपडेट आधी पाचदहा संगणकांवर चढवून पाहावा आणि मगच सर्वत्र पाठवावा, अशी दक्षता घेतात. ज्या कार्यालयांत कागदावर काम चालवण्याची रीत आधीच ठरवून ठेवलेली होती, तेथे खोळंबा झाला तरी गोंधळ कमी झाला असणार.

कारभाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्याच्यापाशी सर्व दारांच्या किल्ल्या असतात. कोणाला किती पगार मिळतो, कोणत्या रुग्णाला कोणता आजार आहे, कोणी कोणाला काय पत्र लिहिले, हे सारे त्याला मनात आणले तर पाहता येईल. तो ते पाहत नाही. टपाल वाटणारा पोस्टमन पत्रे फोडून वाचीत नाही, या भरवशावरच टपाल चालते; संगणकसेवेचेही तसेच आहे. परंतु केवळ सज्जनपणावर विसंबून चालत नाही. म्हणून ज्याच्या कामाला जेवढे लागते तेवढेच दार त्याला उघडून द्यावे, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा, आणि कारभाऱ्याने स्वतः काय उघडले याचीही नोंद राहावी, असे नियम असतात. स्वतःवर पहारा बसवणारे हे नियम जो स्वतःहून मागून घेतो, त्याच्या हाती किल्ल्या देण्यास कोणी कचरत नाही.

या पदावर एकदम कोणी जाऊन बसत नाही. कोणी दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतो. कोणी बारावीनंतर संगणकशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतो. आरंभी लोकांच्या तक्रारी ऐकून घेणे, वायरी जोडणे, रात्रपाळीला यंत्रांवर नजर ठेवणे अशी कामे पदरी पडतात. पुढे चारदोन माणसांची तुकडी, मग खर्चाचे अंदाजपत्रक आणि यंत्रे पुरवणाऱ्यांशी करार, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. गणित आणि इंग्रजी यांची गरज सर्वांनाच ठाऊक असते. परंतु स्वच्छ मराठी लिहिता येणे हेही येथे फार उपयोगी पडते. कारण रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या सहकाऱ्याला जी टिपण वाचून दुरुस्ती करावयाची आहे, तिच्यात एकही वाक्य संदिग्ध असून चालत नाही.

या कामात वाहवा मात्र क्वचितच पदरी पडते. सेवा बंद पडली तर सारे त्याचे नाव घेतात; चालू राहिली तर ते कोणाला आठवतही नाही. याचे मोठे उदाहरण १९९९ साली घडले. जुन्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती, म्हणून कित्येक आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत असत: १९६५ ऐवजी ६५. २००० साल उजाडताच यंत्र ‘००’ वाचून त्याला १९०० समजेल, मग व्याज, वय, मुदती, साऱ्यांचे हिशेब कोसळतील, अशी भीती होती. जगभर लाखो जुन्या आज्ञावली ओळीओळीने तपासल्या गेल्या. त्या कामात भारतीय तंत्रज्ञांचा वाटा मोठा होता, आणि आपल्या संगणक-उद्योगाचे नाव त्या काळात दूरवर पोहोचले. ३१ डिसेंबरच्या रात्री लोक नव्या वर्षाचे स्वागत करीत असताना ही मंडळी संगणकांपुढे बसून होती. बारा वाजले. दिवे गेले नाहीत, दूरध्वनी बंद पडले नाहीत. अमेरिकेतील एका वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष १९१०० असे उमटले, अशा काही किरकोळ गमती झाल्या, आणि तेवढ्यावर निभावले.

तेव्हा अनेक लोक हसले. ‘एवढा पैसा ओतला, एवढी ओरड केली आणि झाले तर काहीच नाही,’ असे ते म्हणू लागले. वर्षभर खपून जे होऊ दिले नाही, ते दाखवायचे तरी कसे? पहिली जानेवारी शनिवारी आली होती. सोमवारी कार्यालये उघडली, कारकुनांनी नेहमीप्रमाणे संगणक सुरू केले आणि कामे चालू झाली. संगणकघरातील मंडळींनी मात्र कॅलेंडरावर पुढची एक तारीख आधीच खूण करून ठेवली होती: २९ फेब्रुवारी. ज्या वर्षाला १०० ने भाग जातो ते लीप वर्ष नसते. परंतु ४०० ने भाग गेला तर असते. २००० सालाला ४०० ने भाग जातो, आणि नियमाचा हा दुसरा भाग काही आज्ञावली लिहिणारे विसरले होते.